ओळखीचं अक्षर

पेटी आधी दाराजवळ होती. चपलांच्या रॅकवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. पत्र्याची, वर फट असलेली, समोर छोटं कुलूप. महिनाभरानं उघडली तेव्हा आत काहीही नव्हतं. दुसऱ्या महिन्यातही तेच. मग मंडळातल्या एकीनं सांगितलं, "अहो, चिठ्ठी टाकायला हात वर केला की आतल्या सगळ्यांच्या माना वळतात. कोण टाकेल?" पेटी आम्ही जिन्याच्या वळणावर, विजेच्या मीटरांशेजारी नेली. तिथे माणूस थांबला तरी कुणी विचारत नाही. बिल बघत असेल, धाप लागली असेल. त्या महिन्यात अकरा चिठ्ठ्या निघाल्या.

आमचं वाचन मंडळ मुलुंड पूर्वेचं. पंचवीस-तीस माणसं, बायका जास्त, बहुतेकजण पन्नाशीच्या पुढचे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी जमतो, एखाद्या पुस्तकावर बोलतो, चहा होतो, घरी जातो. पुस्तकातल्या माणसांच्या दुःखावर आम्ही तास तास बोलायचो. स्वतःविषयी कुणी चकार शब्द काढायचं नाही. त्यावरूनच पेटीची कल्पना निघाली. नियम साधे होते. मनात असेल ते लिहायचं, नाव घालायचं नाही, आम्ही ते सभेत वाचून दाखवू. तुमच्या हातातल्या पुस्तकात आहे ते त्या पेटीतलं सहा वर्षांचं लिखाण. कुणाच्याही नावाशिवाय. प्रस्तावना लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण चिठ्ठ्या वाचून दाखवायचं कामही माझ्याकडेच होतं.

मुलुंड मुंबईत आहे, पण ते शेजाऱ्यापाजाऱ्यांचं गाव आहे, हे इथे राहिलेल्यांना सांगायला नको. नवघर, गव्हाणपाडा, मिठागर रोड, म्हाडाच्या वसाहती. वर्षानुवर्षं त्याच लोकलच्या त्याच डब्यात चढणारी माणसं, स्टेशनबाहेर त्याच भाजीवाल्याशी घासाघीस करणारी. कुणाचा मुलगा कुठे लागला, कुणाची सून माहेरी गेली, कुणाकडे रात्री रिक्षा बोलवावी लागली, सगळं जिन्यात कळतं. ही ओळख माणसाला सांभाळते. माझ्या यजमानांना रात्री अडीचला दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा चार घरांचे दिवे आपोआप लागले होते. पण याच ओळखीमुळे माणूस गप्पही बसतो. एकदा काही बोललो की ते आपल्या नावाला कायमचं चिकटणार, हे प्रत्येकाला माहीत असतं. अनोळखी शहरात माणूस एकटा पडतो. ओळखीच्या गल्लीत तो वेगळ्या तऱ्हेनं एकटा पडतो, आणि या पुस्तकातली बरीचशी मनोगतं त्या दुसऱ्या एकटेपणातून आलेली आहेत.

पेटी सुरू करताना सगळ्यात मोठा विरोध 'निनावी' या शब्दालाच झाला. त्यात चूक काही नव्हती. मराठी घरांत निनावी पत्र म्हटलं की आजही पोटात गोळा येतो. ठरलेलं लग्न मोडायला आलेली निनावी पत्रं आमच्या पिढीनं पाहिली आहेत. पोस्टकार्डावर, मुद्दाम वाकड्या काढलेल्या अक्षरात: मुलीला अमुक रोग आहे, मुलाचं तमुक प्रकरण आहे. खाली 'आपला एक हितचिंतक'. पाठवणारा कधीच सापडायचा नाही, आणि लग्न पुढे झालं तरी त्या मुलीच्या कपाळी तो डाग राहायचा. मंडळातल्या एका ज्येष्ठ बाईंच्या धाकट्या बहिणीचं लग्न अशाच एका कार्डानं मोडलेलं. त्या सभेत उठून म्हणाल्या, "ज्याला सही करायची लाज वाटते त्यानं लिहूच नये."

त्यांना उत्तर द्यायला मला बराच काळ लागला. ते उत्तर असं. हितचिंतकाचं पोस्टकार्ड दुसऱ्याविषयी असतं. लिहिणारा स्वतःचं नाव झाकतो आणि दुसऱ्याचं उघडं टाकतो. आमच्या पेटीत येणारं लिखाण स्वतःविषयी आहे, त्यात उघडं पडलंच तर लिहिणाऱ्याचंच मन पडतं. म्हणून पेटीचा एकच कडक नियम आम्ही केला आणि तो फटीखाली लिहून लावला: स्वतःबद्दल लिहा. सुनेबद्दल, शेजाऱ्याबद्दल, सोसायटीच्या सेक्रेटरीबद्दल आलेल्या चिठ्ठ्या सभेत न वाचता फाडल्या. सहा वर्षांत अशा बऱ्याच फाडाव्या लागल्या. त्या बाई पुढे मंडळात येत राहिल्या. त्यांनी कधी काही लिहिलं का, मला माहीत नाही, आणि माहीत नसणंच बरोबर आहे.

नाव न घालता मनातलं चारचौघांत मांडायची रीत आपल्याकडे पेटीच्या, पोस्टाच्या, छापखान्याच्याही आधीची आहे. पहाटे जात्यावर बसलेल्या बायकांनी सासरचा जाच, भावाची वाट, गेलेलं मूल, नवऱ्याचा मार हे सगळं ओवीत घातलं. ओवी एकीची म्हणून राहत नसे. समोर बसलेली तिच्यात आपली ओळ घालायची, ती दुसऱ्या गावात लेकीबरोबर जायची, तिथे कुणाच्या तरी तोंडी तिच्या स्वतःच्या दुःखासारखी बसायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना मला एक गोष्ट फार जवळची वाटली. जात्यावरची बाई तक्रार करते, पण दाद मागत नाही. समोरच्या बाईनं खुंटा धरलेला असतो, तिचा हात थांबत नाही, ती ऐकते. तेवढंच तिला हवं असतं. आमच्या सभेत मी चिठ्ठ्या वाचायचे तेव्हा मला अनेकदा त्या दुसऱ्या हाताची आठवण यायची.

छापखाना आल्यावर टोपणनावं आली. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये १८४८ पासून 'लोकहितवादी' या नावानं त्यांनी पत्रं लिहिली, तीच शतपत्रं. ती समाजाविषयीची होती, एका माणसाच्या अंतरंगाविषयीची नव्हती, म्हणून इथे त्यांचा उल्लेख करून पुढे जाते. रखमाबाईंपाशी मात्र थांबायला हवं. १८८५ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'ए हिंदू लेडी' या सहीनं बालविवाहावर आणि सक्तीच्या वैधव्यावर पत्रं छापून आली. लिहिणारी विशीतली मुंबईची मुलगी होती. अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं होतं, नवऱ्याकडे नांदायला जायला तिनं नकार दिला होता, आणि त्यानं तिच्यावर कोर्टात दावा लावला होता. म्हणजे कोर्टाच्या कागदांवर जिचं नाव सगळ्या शहरानं वाचलं, तिनं स्वतःच्या मनातलं मात्र नाव न घालता लिहिलं. १८८७ साली कोर्टानं नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं फर्मावलं, तेव्हा तिनं तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाली. मला तिच्या त्या सहीचं फार वाटतं. 'एक हिंदू बाई'. नाव झाकलं तेव्हा ती एकटी रखमाबाई उरली नाही. तिच्यासारख्या सगळ्याजणी त्या सहीत येऊन बसल्या.

पण या पुस्तकाचे खरे पूर्वज मी र. धों. कर्व्यांना मानते.

रघुनाथराव म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव. मुंबईत विल्सन कॉलेजात गणित शिकवत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. हा प्रचार सोडा नाहीतर नोकरी सोडा अशी वेळ आली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. सव्वीस वर्षं, तोट्यात, शिव्या खात, त्यांतली बरीच वर्षं पत्नी मालतीबाईंच्या साथीनं. त्या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असत. त्या काळातल्या मराठी माणसानं डॉक्टरला, भावाला, मित्राला, नवऱ्याला किंवा बायकोला विचारलं नसतं असं सगळं त्या पत्रांत असे. शरीराविषयी, भीतीविषयी, लग्नाच्या पहिल्या रात्रीविषयी, आपण इतरांसारखे नाही की काय या शंकेविषयी. नाव छापलं जायचं नाही. आणि कर्वे उत्तर द्यायचे. सरळ, कोरडं वाटेल इतकं स्पष्ट, आणि विचारणाऱ्याला एकदाही कमी न लेखता.

ही पत्रं कुठून आली असतील याचा मी विचार करते तेव्हा मला माणसं दिसतात. कुणीतरी रात्री कंदिलाशी बसून लिहितो आहे, घरातले झोपल्यावर. सकाळी पाकीट स्वतः पोस्टात टाकतो, दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. मग महिनाभर वाट. अंक येतो. स्वतःचा प्रश्न छापलेला बघतो. खाली उत्तर. आणि त्याच पानावर आणखी तिघांचे प्रश्न, त्याच्याच सारखे. आपण एकटे नाही हे त्याला तिथे कळलं असेल, उत्तर वाचायच्या आधीच.

या उत्तरांनी कर्व्यांना कोर्टात नेलं. १९३१ मध्ये एका लेखासाठी त्यांना आधीच दंड झाला होता. १९३४ मध्ये दुसरा खटला उभा राहिला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. आरोप अश्लीलतेचा. त्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे अश्लील लिहिलं असं होत नाही, आणि लोक मनापासून विचारत असतील तर त्यांना ज्ञान मिळालंच पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. खटला हरले. दोनशे रुपये दंड झाला. दंड कर्व्यांना झाला. प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कुणालाही कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

मला या प्रस्तावनेत एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती इथेच आहे. नाव न घालता बोलणारा माणूस बोलू शकतो तो दुसऱ्या कुणीतरी स्वतःचं नाव पुढे केलेलं असतं म्हणून. त्या सगळ्या निनावी पत्रांच्या वर प्रत्येक अंकात एक नाव छापलेलं असे, संपादक र. धों. कर्वे. आग लागली की ती त्या नावाला लागायची. आपण निनावी लिखाणाचं कौतुक करतो तेव्हा लिहिणाऱ्याच्या धाडसाबद्दल बोलतो, किंवा त्याच्या भित्रेपणाबद्दल. राखणाऱ्याबद्दल बोलत नाही. पेटी ठेवली की माणसं लिहितील असं आम्हालाही वाटलं होतं. राखणं काय असतं ते मला चूक करून शिकावं लागलं.

ती चूक इथे लिहिते, कारण ती न सांगता हे पुस्तक तुमच्या हाती देणं मला योग्य वाटत नाही.

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. तीस वर्षं वह्या तपासल्या. पेटीच्या दुसऱ्या वर्षी एक चिठ्ठी निघाली, आठ घड्या घातलेली, दुरेघी कागदावर. पहिलीच ओळ वाचताना माझी नजर 'ळ'वर थांबली. त्याची खालची गाठ डावीकडे जरा जास्त ओढलेली, आणि शिरोरेघ शब्दाच्या अलीकडेच सुरू केलेली. ते अक्षर मी सातवी, आठवी, नववी अशी तीन वर्षं लाल शाईनं तपासलं होतं. "शिरोरेघ शब्दापासून सुरू कर," असं मीच तिच्या वहीत कितीदा लिहिलं होतं. ती आता चाळिशीच्या आसपासची, दोन मुलांची आई, आमच्याच बाजूला राहणारी. चिठ्ठीत काय होतं ते सांगणार नाही. ते या पुस्तकात नाही.

मी ती सभेत वाचली, नेहमीसारखी, आवाजात काही येऊ न देता. पण चार दिवसांनी ती मला स्टेशनच्या पुलावर भेटली. हातात भाजीची पिशवी, मागून गर्दी ढकलत होती. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "बरी आहेस ना गं? काही लागलं तर निःसंकोच सांग हं मला."

एवढंच. अगदी मनापासून म्हटलं होतं. ती माझ्याकडे क्षणभर बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं. "हो बाई, सगळं छान आहे," म्हणाली आणि पूल उतरून गेली. नंतर ती सभेला आली नाही. ते अक्षर पेटीत पुन्हा कधी आलं नाही. मी तिला कुणापाशी उघडं केलं नव्हतं, पण तिनं जगात एक जागा शोधली होती जिथे ती कुणाचीच कुणी नव्हती, आणि मी तिथे जाऊन तिला नावानं हाक मारली.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. पेटी उघडणारी एक, टाइप करणारी दुसरी, वाचणारी मी. माझ्यापर्यंत फक्त छापील कागद येतो, सगळ्यांचं एकच अक्षर. मूळ चिठ्ठ्या बादलीत भिजवून त्यांचा लगदा होतो. टाइप करणारी मुलुंडची नाही, लांबून येते, इथल्या कुणाला ओळखत नाही. तिला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली: कुणाचं आहे असा विचार मनात आला तर तो तिथेच सोडून द्यायचा.

प्रकाशक ह. वि. मोट्यांबद्दलचा माझा आदर त्या पुलानंतर वाढला. १९३३ साली त्यांनी विभावरी शिरूरकर या कधी न ऐकलेल्या नावाचं 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध केलं. शिकलेल्या, लग्न न झालेल्या, कमावत्या मुलींच्या मनात आणि शरीरात काय चालतं ते त्या कथांत एका बाईनं लिहिलं होतं, आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला. कोण ही विभावरी, याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठात शिकलेल्या. ज्या वर्तुळातल्या मुलींविषयी लिहिलं त्यातच त्यांचं रोजचं उठणं-बसणं होतं. नाव फुटलं असतं तर उद्या कामावर कोणत्या तोंडानं जायचं हा प्रश्न होता. त्या काळात तोंड द्यायला बाहेर उभे होते ते प्रकाशक. मालतीबाई पुढे दीर्घकाळ लिहित्या राहिल्या, २००१ पर्यंत जगल्या, स्वतःच्या नावानंही लिहिलं. पण ते पहिलं पुस्तक बाहेर येऊ शकलं ते एका माणसानं आपलं तोंड बंद ठेवलं म्हणून. असं गप्प राहणं वाङ्मयाच्या इतिहासात कुठे नोंदलं जात नाही.

ऐकणाऱ्यांनी काय करायचं, हेही शिकावं लागलं. पहिल्या वर्षी चिठ्ठी वाचून झाली की सल्ले सुरू व्हायचे. हिनं असं करावं, त्यानं तसं करावं, माझ्या नणंदेचंही असंच होतं. एका चिठ्ठीत कुणीतरी लिहिलं, "तुम्ही सगळे फार चांगले आहात. पण मागच्या महिन्यात माझ्याबद्दल बोलत होतात तेव्हा मी तुमच्यात बसून लाडू खात होते." त्या दिवसापासून सल्ले बंद झाले. सल्ला न देण्याचं शहाणपण मला आणखी एका ठिकाणी मिळालं. एका स्नेह्यांबरोबर मी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या खुल्या सभेला गेले होते. अमेरिकेत १९३५ साली दोन दारुड्यांनी एकमेकांशी बोलून सुरू केलेली ही चळवळ आता मुंबईच्या उपनगरांत संध्याकाळी शाळांच्या वर्गांत आणि चर्चच्या सभागृहांत भरते. मोठी माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली. एकेकजण उठतो, नुसतं पहिलं नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो, आणि स्वतःचं सांगतो. कुणी मध्ये बोलत नाही. संपलं की सगळे थँक्यू म्हणतात, पुढचा उठतो. आडनाव नाही, हुद्दा नाही, पत्ता नाही. त्यांच्या बारा परंपरांतली शेवटची परंपराच निनावीपणाची आहे. मला वाटलं होतं ती बदनामी टाळण्यासाठी असेल. तिथे बसल्यावर कळलं की आडनाव नसलं की तुलनाही उरत नाही. साहेब आणि हमाल एकाच बाकावर एकाच आजाराचे होतात.

आमच्याच शहरात १९९० साली अशोक राव कवी यांनी समलिंगी माणसांसाठी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढलं. ज्यांच्या प्रेमाला कायद्यानं गुन्हा म्हटलं होतं, त्यांना दुसऱ्यांचा पत्ता त्या अंकामुळे लागला. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो गुन्हा पुसला. या पुस्तकातली अशा प्रेमाविषयीची दोन मनोगतं त्यानंतरची आहेत आणि तरी दोन्हीही निनावीच आहेत. कायदा दिल्लीत बदलतो, जिना तोच राहतो.

एका बाबतीत निनावीपणानं आम्हाला हतबल केलं. चौथ्या वर्षी एक चिठ्ठी आली, तीन ओळींची, आणि ती वाचून टाइप करणाऱ्या बाईंनी मला रात्री फोन केला. लिहिणाऱ्याला जगायचं नव्हतं. कोण, कुठल्या मजल्यावर, काही कळायला मार्ग नाही. मूळ कागद तोपर्यंत भिजवला नव्हता. मला कुणीतरी विचारलं, तुम्ही एकदा अक्षर बघता का? पुलावरची ती मुलगी आठवली, आणि तरीही मी कागद मागून घेतला. जीव वाचवायचा असेल तर नियम मोडायचा, याबद्दल मला आजही शंका नाही. अक्षर ओळखू आलं नाही. पहिल्या शनिवारची वाट न बघता आम्ही दुसऱ्याच दिवशी सभा बोलावली, प्रत्येक सभासदाला घरी जाऊन सांगितलं, आणि ती चिठ्ठी वाचली. मग मी सगळ्यांना उद्देशून बोलले: तुम्ही इथे बसला असाल तर ऐका, १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री मराठीत बोलता येतं. तो नंबर तेव्हापासून पेटीवर मोठ्या आकड्यांत लावलेला आहे. तो माणूस त्या खोलीत होता का, त्यानं फोन केला का, हे आम्हाला कळलेलं नाही. त्या वर्षी मुलुंडमध्ये कुणाच्याही मरणाची बातमी कानावर आली की पेटी सांभाळणाऱ्या आम्ही एकमेकींकडे बघायचो.

आता संपादनाविषयी, कारण त्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. माणूस नावानं ओळखला जातो त्याहून जास्त तो बारीकसारीक गोष्टींनी ओळखला जातो. कुठल्या वेळेची लोकल, किती मुली, कोणत्या पायाचं ऑपरेशन, घरी कुत्रा आहे का. तीन तपशील एकत्र आले की मुलुंडमध्ये माणूस सापडतो. म्हणून आम्ही गाड्यांच्या वेळा काढल्या, इमारतींची नावं काढली, देवाचं नाव काढलं कारण कुलदैवतावरून गाव कळतं, गावावरून आडनाव. काही मनोगतं त्यामुळे सपाट झाली, हे मान्य करते. तपशील हाच लिखाणाचा जीव असतो असं मीच मुलांना शिकवलं होतं, आणि आता मीच एकेक तपशील खुडत होते. भाषा मात्र आहे तशी ठेवली. कोकणातली कोकणातली राहिली, विदर्भातली विदर्भातली. ती बदलायची म्हणजे माणूसच बदलायचा.

शिलाई मशीनची गोष्ट सांगून थांबते. पाचव्या वर्षी एका बाईंचं लांब मनोगत आलं. दिवसभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करायचं, तो झोपला की रात्री एक-दीडला मशीनवर बसायचं, ब्लाउज शिवायचे. पैशांची गरज होती, पण त्याहून जास्त गरज होती ती दिवसातले दोन तास हात आणि डोळे स्वतःच्या ताब्यात असण्याची. मशीनच्या आवाजाबद्दल खालच्या मजल्यावरून तक्रारी येत होत्या, तेही लिहिलं होतं. मी मनोगत वाचलं आणि मशीन काढून टाकलं. रात्री मशीन चालणारं घर अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक असतं, नाव लिहिल्यासारखंच ते. मी तिथे 'रात्री थोडं काम करते' असं केलं आणि सभेत तसंच वाचलं.

पुढच्या महिन्यात पेटीत एक चिठ्ठी होती. ब्लाउजच्या मापांची वही असते तिच्यातला कागद, असं टाइप करणाऱ्या बाईंनी नंतर सांगितलं. त्यावर दोनच ओळी होत्या. "मशीन काढू नका. खालच्यांना कळू दे."

मशीन परत घातलं. ते मनोगत या पुस्तकात सतरावं आहे.